काचेच्या मिश्रणात सोडियम ऑक्साइड कसे आणावे

काचेच्या घटकांच्या तक्त्यात ‘सोडियम ऑक्साइड १४ टक्के’ असे लिहिलेले असले, तरी ते ऑक्साइड बाटलीतून काढून मिश्रणात घालायचे नसते. हा पांढरा पदार्थ पाण्याशी, अगदी हवेतल्या बाष्पाशीही, संयोग पावून दाहक सोडियम हायड्रॉक्साइड होतो. म्हणून ते भट्टीतच तयार होऊ द्यावे.

त्यासाठी निर्जल सोडियम कार्बोनेट, म्हणजे सोडा अ‍ॅश, घ्यावा. त्याचा रेणुभार १०६ असून सिलिकाशी, म्हणजे काचेचा मुख्य घटक असलेल्या वाळूशी, अभिक्रिया होताना त्यातला ४४ भाग कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने निघून जातो आणि ६२ भाग सोडियम ऑक्साइड काचेत राहते. हव्या त्या ऑक्साइडच्या वजनाला १०६ने गुणून ६२ने भागावे. १४ ग्रॅमसाठी सुमारे २३.९ ग्रॅम सोडा अ‍ॅश लागतो. पिशवीवरचे नाव मात्र नीट वाचावे, कारण धुण्याच्या सोड्याच्या स्फटिकांत भरपूर पाणी असते, त्यांचा रेणुभार २८६ भरतो आणि तेवढ्याच ऑक्साइडसाठी ते सुमारे ६४.६ ग्रॅम घ्यावे लागतात.

शुद्ध सिलिका वितळवायला १७०० अंश सेल्सिअसहून अधिक तापमान लागते. सोडियम ऑक्साइड सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या जाळ्यातले दुवे तोडते, त्यामुळे हे तापमान बरेच खाली येते. पण तुटलेल्या जाळ्यात पाणी सहज शिरते आणि केवळ सोडा व सिलिका यांची काच पाण्यात विरघळू शकते. सुमारे १० टक्के कॅल्शियम ऑक्साइड येईल इतका चुनखडीचा चुरा घालणे म्हणूनच अनिवार्य समजावे. मिश्रण वायूमुळे फसफसते. मूस, म्हणजे वितळवण्याचे भांडे, काठोकाठ भरू नये आणि तापमान सावकाश वाढवावे. चूर्ण हाताळताना चष्मा, मास्क व हातमोजे वापरावेत.

मातीच्या भांड्यांच्या झिलईसाठी सोडा अ‍ॅश मला योग्य वाटत नाही. तो पाण्यात विरघळून, वाळताना पाण्याबरोबर पृष्ठभागावर येतो, आणि थर असमान होतो. तेथे सोडायुक्त फेल्डस्पार हे खनिज किंवा फ्रिट, म्हणजे आधीच वितळवून दळलेली काच, घ्यावे. भाजल्यानंतर झिलईवर केसासारख्या बारीक भेगा पडत असतील, तर सोडियम ऑक्साइडमुळे वाढलेले उष्णता-प्रसरण हे त्याचे एक मोठे कारण असते. अशा वेळी सोडियम ऑक्साइडचा थोडा भाग लिथियम ऑक्साइडने बदलावा. मात्र लिथियम ऑक्साइडचा रेणुभार ३० असल्याने रेणूंची संख्या तीच ठेवण्यासाठी निम्म्याहून किंचित कमी वजन पुरते.