हेड बोल्ट आवळायच्या आधी आटे बघा

मे महिन्यात कन्नडचा घाट चढताना गाडी तापली आणि हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावर बोल्टने बसणारं हेड यांच्यामधली सील) गेली, हे चाळीसगाव-धुळ्याकडच्या गॅरेजांना नवं नाही. नवी गॅस्केट टाकूनही तीच गाडी परत दारात आली, की सगळे गॅस्केटला शिव्या घालतात. बोल्ट कसे आवळले, हे कोणी विचारत नाही.

हेड वाकलंय का ते सरळपट्टी आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून तपासलंय, दोन्ही पृष्ठभाग साफ आहेत, गॅस्केटची ‘टॉप’ लिहिलेली बाजू वर आहे, इंजिन गार आहे, असं धरून चालतो.

आता आटे. मला सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते इथेच. टॉर्क पाना बोल्ट किती ताणला गेला ते मोजत नाही. फिरवायला किती जोर लागला एवढंच सांगतो. त्यातला साधारण ९० टक्के जोर आट्यांमधलं आणि बोल्टच्या डोक्याखालचं घर्षणच खातं. हेड दाबायला उरतो जेमतेम दहावा हिस्सा. पान्यावर लावलेला आकडा आला की पाना ‘कट्’ वाजतो. म्हणून आटे गंजलेले असले तर तो वाजतो, पण हेड ढिलंच राहतं. उलट ग्रीस थापलं, तर आकडा येईपर्यंत बोल्ट नको तितका ताणला जातो. ‘ग्रीस लाव भो, सोपं जातं’ म्हणणाऱ्याला चहा आणायला पाठवा.

बोल्ट तारेच्या ब्रशने घासा. ब्लॉकच्या भोकांत नवा टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवू नका, तो धातू कापतो. त्याच मापाच्या जुन्या हेड बोल्टला उभी खाच पाडा आणि तो हातानेच आत-बाहेर फिरवा; घाण खाचेत जमते. मग भोकावर फडकं धरून कॉम्प्रेसरची हवा मारा, डोळ्यांना चष्मा हवाच. तळ बंद असलेल्या भोकात तेल किंवा कूलंट उरलं, तर बोल्टला खाली जायला जागा राहत नाही. द्रव दबत नाही, ब्लॉक मात्र तडकतो. ही चूक महाग पडते.

मॅन्युअलमध्ये तेल लावा म्हटलं असेल तर आट्यांना आणि डोक्याखाली इंजिन ऑइलचा पातळ हात, बस. कोरडे म्हटलं असेल तर कोरडे. भोक पाण्याच्या जागेत उघडत असेल तर सांगितलेलं सीलंट. सगळे बोल्ट आधी हाताने बसवा. बोल्ट आवळायची हवेची गन इथे बंद.

क्रम मधून बाहेर. आकडा एका दमात गाठायचा नाही: समजा शेवटचा ८० न्यूटन-मीटर असेल, तर आधी सगळे ३०, मग ६०, मग ८०. पान्यावरची पट्टी नीट वाचा. १ फूट-पाउंड म्हणजे १.३६ न्यूटन-मीटर, चुकीच्या पट्टीवर ८० लावले तर बोल्टवर जवळपास १०८ पडतात. ओढ सावकाश आणि अखंड ठेवा. मध्येच थांबलात तर अडकलेला बोल्ट पुन्हा हलवायलाच जास्त जोर लागतो, आणि पाना त्यालाच टॉर्क समजून वाजतो. तो बोल्ट थोडा सैल करून परत ओढा. एकदा वाजला की पुरे, खात्रीसाठी दुसऱ्यांदा वाजवायची सवय सोडा.

बऱ्याच नव्या इंजिनांत टॉर्कनंतर बोल्ट आणखी किती फिरवायचा तो कोन देतात, उदाहरणार्थ ९० अंश. कोनाला नाकं मुरडू नका: आट्यांचं अंतर ठरलेलं असतं, त्यामुळे पाव फेऱ्यात किती ताण वाढेल हे घर्षणावर फारसं अवलंबून राहत नाही. कोनमापक नसेल तर प्रत्येक बोल्टवर आणि शेजारी हेडवर रंगाचा ठिपका द्या. हाताला कळतं म्हणणाऱ्यांचे ९० अंश कधी ७० असतात, कधी ११०. कोनाने आवळायचे बोल्ट बहुधा कायमचे ताणले जातात. मॅन्युअल नवे टाका म्हणत असेल तर जुने भंगारात, गिऱ्हाईक कितीही घासाघीस करो.

कोनाने आवळलेल्यांना नंतर पुन्हा टॉर्क लावत बसू नका. जुन्या इंजिनांत फेरआवळणी सांगितली असेल, तर ती गार इंजिनावर की गरम, हे त्याच पानावर बघा आणि त्याच क्रमाने करा.