शोभेच्या दारूचा परवाना: साठ्याची वही अशी जुळली

परवाना हातात आला आणि खरं काम तिथून सुरू झालं. माझ्या परवान्यातली साठ्याची मर्यादा निव्वळ स्फोटक द्रव्याच्या वजनावर आहे, आणि पावत्यांवर मात्र खोक्यासकट एकूण वजन. पुठ्ठा, नळ्या, काठ्या सगळं त्यात आलं. वही आणि कोठार यांचा मेळ काही केल्या बसेना.

मग वहीच नव्याने आखली. प्रत्येक मालाला एक ओळ: यूएन क्रमांक (धोकादायक मालाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक), धोक्याचा वर्ग (१.१ म्हणजे सगळा माल एकदम फुटण्याचा धोका, १.४ म्हणजे धोका कमी), बॅच, एका नगातलं निव्वळ द्रव्य, नग. हे बहुतेक खोक्याच्या लेबलावरच सापडतं. नसेल तर पुरवठादाराकडून लेखी मागवायचं, अंदाजाने भरायचं नाही. यूएन ०३३५ म्हणजे १.३जी आणि ०३३६ म्हणजे १.४जी, त्यामुळे दोन्ही आतषबाजीच असली तरी ओळी वेगळ्या. दाणेदार बंदुकीची दारू तर ००२७, वर्ग १.१डी. तिला मी स्वतंत्र पान दिलं.

सगळ्यात उपयोगी ठरला ‘न उडालेले’ हा रकाना. कोठारातून काढलेले नग म्हणजे उडवलेले, परत ठेवलेले आणि न उडालेले यांची बेरीज. ती जुळल्याशिवाय मी त्या दिवशी वही मिटत नाही. आठवड्याने आठवून लिहिलेल्या आकड्यांवर माझा तरी विश्वास नाही.

वही कोठारात ठेवू नका. आग लागली तर माल आणि हिशेब दोन्ही जातील. परवान्याची प्रत आणि लेबलांचे फोटो फोनमध्ये आहेत, आणि नूतनीकरणाची तारीख वहीच्या पहिल्या पानावर.