बाटिक करताना आधी शेवटचा रंग ठरवा

बाटिक म्हणजे कापडावर वितळलेल्या मेणाने नक्षी झाकून, एकावर एक रंग चढवणं. ते शिकायला येणाऱ्या बहुतेक जणी नक्षी ठरवूनच येतात. मोर, कमळ, नाहीतर गणपती. जमीन, म्हणजे नक्षीमागचा शेवटी चढणारा रंग कुठला, असं विचारलं की गप्प. खरं तर सुरुवात तिथूनच करायची.

मेणाखाली गेलेला रंग तसाच राहतो. उघड्या भागावर पुढचा रंग चढतो, पण तो आधीच्या रंगात मिसळून. पिवळ्यावर लाल घातला की शेंदरी येतो, निळा घातला की हिरवा. त्या हिरव्यावर लाल चढवलात तर तपकिरीच मिळणार, मग कितीही महागाचा रंग आणा. म्हणून फिक्याकडून गडदाकडे जायचं.

हिरव्या पानाशेजारी लालभडक फूल हवंच असेल, तर फुलाचा रंग ब्रशने भरा. रंगात थोडा धुण्याचा सोडा मिसळायचा, भरून झालं की वर प्लॅस्टिक घालून चार तास ओलं ठेवायचं, पूर्ण वाळलं की मेणाने झाकायचं. सोडा पडलेला रंग दुसऱ्या दिवशी वापरू नका, त्यात दम राहत नाही.

मी घरी थंड पाण्यातले रिअ‍ॅक्टिव्ह रंग, म्हणजे सोड्यामुळे सुती धाग्यात पक्के बसणारे रंग वापरते. उज्जैनजवळच्या भेरूगढला किंवा कच्छमधल्या मुंद्र्याला कारागीर नॅप्थॉल हे वेगळ्या प्रकारचे रासायनिक रंगही वापरतात आणि त्यांचा लाल देखणा येतो, पण त्यांना कातडी भाजणारा कॉस्टिक सोडा लागतो. घरात मुलं असतील तर त्या वाटेला जाऊ नये.

कापड सुती घ्या. साबणाच्या पाण्यात उकळून त्याची खळ काढा. १०० ग्रॅम कापडाला २ लिटर पाणी, फिक्या छटेला २ ग्रॅम रंग, गडदला ४ ते ५ ग्रॅम. त्यात १०० ग्रॅम साधं मीठ घालून वीस मिनिटं कापड हलवत राहा. मग कापड बाहेर काढून ३० ग्रॅम धुण्याचा सोडा (खायचा नव्हे!) वेगळा विरघळवून, गार करून ओता आणि कापड परत तासभर बुडवा. रंगाची पूड उघडताना तोंडाला मास्क, हातात मोजे. भांडी स्वयंपाकाची नकोत.

पाणी अंगाला गारही नाही, गरमही नाही, असं हवं. एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवरच्या टाकीचं पाणी इतकं तापलेलं येतं की मेण मऊ पडून कडा फुटतात. त्या दिवसांत पाणी रात्रीच भरून ठेवते.

मूळ कापडाला हात लावण्याआधी त्याच कापडाची हातभर पट्टी कापा. अख्खी पट्टी पिवळ्यात, वाळल्यावर तिचा दोन तृतीयांश भाग लालमध्ये, शेवटी टोकाचा एक तृतीयांश गडद निळ्यात. पिवळा, शेंदरी आणि जवळजवळ आमसुली असे तिन्ही रंग समोर येतात. पट्टी धुऊन, वाळवून, उन्हात धरूनच निर्णय घ्या. ओला रंग नेहमी गडद दिसतो.

मेण पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात तापवा, थेट आचेवर कधीच नाही. लावल्यावर कापड पारदर्शक दिसलं पाहिजे. पांढरट थर वरच बसला तर मेण गार आहे, रंग मागून शिरणार. मेणाला तडे गेले की त्यांतून रंग शिरून रेषा उमटतात. असे तडे भरपूर हवे असतील तर पॅराफिन मेण जास्त घ्या, कमी हवे तर मधमाशीचं मेण वाढवा. शेवटच्या गडद रंगाआधी कापड फ्रीजमध्ये ठेवून हलकेच चुरगळलं की बारीक रेषा येतात. गणपतीच्या चेहऱ्यावर मात्र तडे नकोत, तेवढा भाग चुरगळू नका.

सगळे रंग झाले की गार पाण्यात, पाणी नितळ येईपर्यंत खळबळा. मगच साबणाच्या पाण्यात उकळा. नुसती इस्त्री फिरवून मेण काढलं तर तेलकट डाग राहतो. उकळलेलं पाणी मोरीत ओतू नका, नळी तुंबते. गार झालं की वर सायीसारखं मेण धरतं, ते उचलून पूर्ण वाळवा आणि पुढच्या वेळी वापरा. पाण्याचा अंश राहिला तर तापवताना तडतडून हातावर उडतं.