सव्हाना शहरातील एक दिवस: खरेदी आणि जेवण यांची आखणी

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातील सव्हाना हे शहर 1733 साली जेम्स ओगलथॉर्प याने वसवले. चार्ल्सटन किंवा जॅक्सनव्हिल येथून मोटारीने सुमारे दोन तासांत तेथे पोहोचता येत असल्यामुळे एका दिवसाच्या सहलीसाठी ते सोयीचे आहे. मात्र आखणी न करता गेल्यास अर्धा दिवस रांगेत आणि उरलेला पिशव्या वाहण्यात जातो.

सर्वप्रथम वार ठरवावा. जोन्स स्ट्रीटवरील मिसेस विल्क्स डायनिंग रूम ही खानावळ केवळ सोमवार ते शुक्रवार आणि तीही फक्त दुपारी उघडी असते, तर फोरसाइथ पार्कमधील शेतकरी बाजार शनिवारी भरतो. दोन्ही एका दिवशी साधत नाहीत. माझा कौल खानावळीला आहे, कारण ताजी भाजी आणि फळे इतरत्रही मिळतात. मार्चमध्ये सेंट पॅट्रिक दिन या आयरिश सणाच्या सुमारास शहरात प्रचंड गर्दी उसळते. खरेदीसाठी ते दिवस टाळावेत.

मोटार एलिस स्क्वेअरखालच्या वाहनतळात ठेवावी. या जागेवरची जुनी मंडई 1954 साली पाडून तेथे बहुमजली वाहनतळ उभारण्यात आला होता. त्यामुळे लोकांत उसळलेल्या संतापातूनच शहरातील जुन्या वास्तू वाचवण्याची संघटित चळवळ सुरू झाली. पुढे तो वाहनतळ पाडून गाड्या जमिनीखाली नेण्यात आल्या आणि 2010 साली वर पुन्हा मोकळा चौक झाला. येथून ‘डॉट’ या मोफत बसने दक्षिणेकडे फोरसाइथ पार्कपर्यंत जावे आणि तेथून बुल स्ट्रीटने उत्तरेकडे नदीच्या दिशेने चालत यावे. हे अंतर जेमतेम मैलभर आहे, वाटेत मॉन्टेरे, मॅडिसन, चिपेवा, राइट आणि जॉन्सन असे पाच सावलीचे चौक लागतात आणि हातातले ओझे वाढत जाते तसतशी मोटार जवळ येत जाते.

उद्यानातील 1858 सालचे कारंजे पाहून खानावळ उघडण्यापूर्वीच, म्हणजे अकराच्या बऱ्याच आधी, जोन्स स्ट्रीटवर पोहोचावे. तेथे आगाऊ आरक्षण नसते. सेमा विल्क्स यांनी 1943 साली चालवायला घेतलेल्या या जागेत अनोळखी माणसे एकाच मोठ्या टेबलाभोवती बसतात, तळलेले चिकन, भात, मऊ पावासारखी बिस्किटे आणि अनेक भाज्या मोठ्या भांड्यांतून हातोहात फिरतात आणि जेवण झाल्यावर आपली थाळी आपणच आत नेऊन ठेवायची असते. शाकाहारी मंडळींनी येथेच नव्हे, तर अमेरिकेच्या दक्षिण भागात सर्वत्र एक गोष्ट विचारून घ्यावी: कोलार्ड हा कोबीच्या जातीचा पाला, वाल किंवा टोमॅटो घातलेला तांबडा भात दिसायला निर्धोक असला, तरी त्यात चवीसाठी डुकराचे मांस शिजवलेले असणे ही तिथली जुनी रीत आहे.

जेवणानंतर मॅडिसन स्क्वेअरलगत ई. शेव्हर हे पुस्तकांचे दुकान लागते. जुन्या घराच्या खोल्याखोल्यांतून मांडलेली पुस्तके आणि त्यांवर हक्काने पहुडलेली मांजरे यांसाठी तेथे निवांत वेळ ठेवावा. शेजारच्या शॉपस्कॅडमध्ये स्थानिक कला महाविद्यालयाशी संबंधित कलावंतांचे दागिने, चित्रे आणि मातीची भांडी विकायला असतात. भेटवस्तू घ्यायची असेल, तर ती येथेच घ्यावी, कारण नदीकाठच्या बहुतेक दुकानांतील टोप्या आणि चुंबके कोणत्याही पर्यटनस्थळी मिळतील अशीच असतात.

ब्रॉटन स्ट्रीट ही मुख्य बाजारपेठ आहे. सव्हाना बी कंपनीच्या दुकानात मध चाखून घेता येतो. दलदलीतील ट्युपेलो झाडांच्या फुलांपासून होणारा मध सहसा लवकर साखरत नाही, म्हणून तो दूरच्या घरी नेण्यास योग्य असतो; विमानाने परतणाऱ्यांनी मात्र 100 मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली हातातील सामानात ठेवू नये. 1919 साली स्थापन झालेल्या लिओपोल्ड्स आइस्क्रीमचे दुकानही आता याच रस्त्यावर आहे. किमतीच्या चिठ्ठीवर विक्रीकर धरलेला नसतो. तो सुमारे 7 टक्के वर पडतो. उपाहारगृहात 18 ते 20 टक्के टीप अपेक्षित असते, हे हिशोबात धरावे.

पिशव्या मोटारीत ठेवूनच रिव्हर स्ट्रीटवर उतरावे, कारण तिथल्या दगडी पायऱ्या उंच आहेत आणि रस्ता जहाजांच्या तळात भार म्हणून आलेल्या ओबडधोबड दगडांचा आहे. सपाट तळव्यांचे बूट आवश्यक आहेत. एके काळच्या कापसाच्या वखारींत आता दुकाने आहेत. ज्या गुलामांच्या श्रमावर तो व्यापार उभा होता, त्यांची आठवण जपणारे 2002 सालचे स्मारकही याच काठावर आहे आणि ते चुकवू नये. पेकान हा अक्रोडासारखा सुका मेवा घातलेल्या प्रालीन या साखरेच्या मिठाईचा गरम तुकडा दुकानदार चवीला देतात. तो खाऊन मगच डबा घ्यायचा की नाही ते ठरवावे, कारण हा पदार्थ फारच गोड असतो.

रात्रीच्या जेवणासाठी रेनॉल्ड्स स्क्वेअरवरील 1771 सालच्या ओल्ड पिंक हाउसमध्ये काही दिवस आधी टेबल राखून ठेवावे आणि परतीचा प्रवास लक्षात घेऊन संध्याकाळची अगदी सुरुवातीची वेळ मागावी. ग्रिट्सवर, म्हणजे मक्याच्या भरड्याच्या मऊ लापशीवर, वाढलेली कोळंबी हा या किनाऱ्याचा खास पदार्थ आहे. दुपारी भरपेट जेवण झाले असेल, तर दोघांत एक थाळी पुरे होते.