वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक: पहिला क्लास कसा निवडावा

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक या ऑनलाइन खेळात टॅलेंट (लेव्हलबरोबर निवडायची कौशल्यं) मोडून पुन्हा लावता येतात, गिअर (शस्त्रं-चिलखत) रोज बदलतं, गिल्ड (खेळाडूंचा गट) हाही सोडता येतो. क्लास, म्हणजे कॅरॅक्टरचा लढण्याचा प्रकार, मात्र त्याला कायमचा चिकटतो. नवख्याला लेव्हल १ पासून ६० पर्यंत पोचायला साधारण १५० ते २५० तास लागतात, म्हणजे रोज तासभर खेळणाऱ्याचे पाच ते आठ महिने. एवढा वेळ न मानवणाऱ्या क्लासवर गेला की तिशीच्या आसपास कंटाळा येतो आणि खेळच सुटतो. त्यात दोष खेळाचा नसतो, निवड घाईत झालेली असते.

म्हणून ‘कोणाचं डॅमेज सगळ्यात जास्त’ ही यादी सुरुवातीला उघडूच नका. ती लेव्हल ६० च्या, भारी गिअर घातलेल्या, ४० जणांच्या रेडमधली (मोठ्या मोहिमेतली) असते. तुम्ही त्याआधी कित्येक महिने साध्या गिअरमध्ये, बहुतेक वेळ एकटे, रानडुकरं आणि लांडगे मारत फिरणार आहात. क्लास निवडायचा तो या फिरण्यासाठी आणि पाच जणांच्या पार्टीतल्या कामासाठी.

कॅरॅक्टर बनवण्याआधी

आधी सोबत कोण आहे ते विचारा. अलायन्स आणि होर्ड या दोन बाजूंच्या खेळाडूंना एकमेकांशी बोलता येत नाही, एका पार्टीतही येता येत नाही. मित्र ज्या बाजूला आणि ज्या रेल्मवर (सर्व्हरवर) असतील तिथेच जा. बाजू ठरली की नऊपैकी एक क्लास आपोआप गळतो: पॅलाडिन फक्त अलायन्सकडे आहे, शमन फक्त होर्डकडे. ड्रुइड दोन्हीकडे असला तरी नाइट एल्फ किंवा टॉरेन या दोनच वंशांना होता येतं.

दुसरा प्रश्न वेळेचा. भारतातून युरोपच्या सर्व्हरवर खेळत असाल आणि गिल्डची रेड तिकडच्या रात्री आठला असेल, तर आपल्याकडे हिवाळ्यात साडेबारा आणि उन्हाळ्यात साडेअकरा वाजतात. दुसऱ्या दिवशी कामावर जायचं असेल तर तीन तासांची रेड आठवड्यातून दोनदा जमेल का, याचा हिशेब आत्ताच करा. जमणार नसेल तर रेडमध्ये कोणाला मागणी आहे हा मुद्दाच उरत नाही. मग एकट्याने मजा देणारा क्लास घ्या.

पिंगही, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन लागणारा वेळ, बघा. रोग क्लासची ‘किक’ शत्रूचा मंत्र मध्येच तोडते. शत्रूचा मंत्र दीड सेकंदाचा असेल आणि पिंग २०० मिलिसेकंद असेल, तर त्यातले ०.२ सेकंद जाण्या-येण्यातच संपतात. डोळ्यांनी पाहून बोट हलेपर्यंत हातात फार थोडं उरतं. अडीच-तीन सेकंदांचे मंत्र म्हणणाऱ्या मेजला किंवा लांबून बाण मारणाऱ्या हंटरला हा उशीर फारसा जाणवत नाही.

पार्टीतलं काम

डंजन म्हणजे शत्रूंनी भरलेली, पार्टीने मिळून जिंकायची जागा. पाच जणांच्या डंजन पार्टीत एक टँक, एक हीलर आणि तीन डॅमेजवाले असतात. टँक शत्रूचा मार स्वतःवर ओढून घेतो, हीलर त्याला जिवंत ठेवतो, बाकीचे मारतात. टँक आणि हीलर नेहमीच कमी पडतात, त्यामुळे त्यांना पार्टी पटकन मिळते; डॅमेजवाल्याला चॅटमध्ये अर्धा-अर्धा तास विचारत बसावं लागतं. पण टँकला रस्ता माहीत हवा, कोणता घोळका आधी ओढायचा तेही कळायला हवं आणि त्याच्या चुकीने पाचही जण मरतात. ही जबाबदारी आवडणारी माणसं वेगळी असतात. तुम्ही त्यातले आहात का, याचं उत्तर प्रामाणिकपणे द्या.

निराशा सगळ्यात जास्त होते ती एका गोष्टीवरून. पॅलाडिन, शमन आणि ड्रुइड हे क्लास कागदावर सगळं करतात. लेव्हल ६० ला रेडचं दार उघडतं तेव्हा बहुतेक गिल्ड त्यांच्याकडे एकच गोष्ट मागतात: हीलिंग. मोठी तलवार फिरवायची म्हणून पॅलाडिन घेतलेल्या माणसाला सहा महिन्यांनी अंगरखा घालून मागे उभं केलं जातं, आणि त्याची समजूत कोणीच घालू शकत नाही. क्लासिकमध्ये पॅलाडिनकडे टाँट नाही, म्हणजे सुटलेल्या शत्रूला एका बटणात स्वतःकडे ओढायची सोय नाही. रेडमधली टँकची जागा म्हणूनच बहुतेक वेळा वॉरियरकडे जाते. हीलिंग मनापासून आवडत असेल तर हे तिन्ही क्लास उत्तम आहेत. नसेल तर शमन किंवा पॅलाडिन पार्टी आणि क्वेस्टपुरता (खेळात मिळणाऱ्या कामांपुरता) घ्या, रेडच्या आशेवर नको.

हीलर निवडताना आणखी एक बारकावा. प्रीस्टला लेव्हल १० ला, पॅलाडिन आणि शमनला १२ ला मेलेल्याला उठवण्याचा मंत्र मिळतो आणि लढाई संपल्यावर तो हवा तितक्या वेळा वापरता येतो. ड्रुइडकडे २० व्या लेव्हलला येणारा एकच मंत्र आहे: तो भर लढाईत चालतो, पण पुन्हा वापरायला ३० मिनिटं थांबावं लागतं. ड्रुइड एकटाच हीलर असेल आणि दोघे मेले, तर एकाला स्मशानापासून पळत यावं लागतं.

एकट्याने साठपर्यंत

नवख्यासाठी सगळ्यात सोपा रस्ता हंटरचा. लेव्हल १० ला क्वेस्ट करून प्राणी पाळायला मिळतो आणि तिथून खेळ बदलतो. पद्धत अशी: आधी पेट सोडा, त्याचे दोन-तीन फटके बसू द्या, मग बाण सुरू करा. घाईने बाण सोडला की शत्रू पेटला सोडून तुमच्या अंगावर येतो. बाण आठ यार्डांच्या पलीकडेच चालतो आणि हातातलं शस्त्र पाच यार्डांच्या आत. मधल्या तीन यार्डांत हंटरला काहीच करता येत नाही, आणि नवखे नेमके तिथेच उभे राहून मरतात. पेटला वेळेवर खायला घाला, नाहीतर तो नाराज होऊन कमी मारतो आणि शेवटी सोडून जातो. डंजनमध्ये शिरताना पेटचं ‘ग्राउल’ बंद करा, नाहीतर तो टँकचा शत्रू स्वतःकडे ओढतो. कठड्यावरून खाली उडी मारण्याआधी पेट परत पाठवा. तो तुमच्या मागे उडी मारत नाही. लांबच्या वाटेने धावत येतो आणि वाटेतला सगळा घोळका सोबत घेऊन येतो. हंटरची पार्टीतली बदनामी बव्हंशी या दोन चुकांमुळे झाली आहे.

वॉरलॉकलाही लेव्हल १० ला मार खाणारा राक्षस, व्हॉइडवॉकर, मिळतो, शिवाय ४० ला स्वारीचा घोडा जवळपास फुकट मिळतो. पॅलाडिनचंही तसंच. बाकीच्यांना त्यासाठी १०० गोल्डच्या आसपास जमवावे लागतात. अडचण पिशव्यांची आहे: वॉरलॉकच्या मंत्रांना लागणारा प्रत्येक सोल शार्ड पिशवीतली एक पूर्ण जागा अडवतो, एकावर एक रचता येत नाही.

मेज स्वतःचं पाणी आणि खाणं तयार करतो, २० ला मंत्राने क्षणात राजधानीत पोचतो, ४० ला इतरांनाही तिथे नेणारं दार उघडतो. अंगात चिलखत नसल्याने तो गोठवून लांब पळण्याच्या कौशल्यावर जगतो. प्रीस्ट हळू वाटतो, पण लेव्हल ५ ला लिलावातून ‘लेसर मॅजिक वाँड’ ही कांडी घ्या आणि टॅलेंटचे पहिले पाच पॉइंट ‘स्पिरिट टॅप’मध्ये टाका. एक-दोन मंत्र, मग कांडीने मारत राहायचं. शेवटचा मंत्र टाकून पाच सेकंद झाले की माना (मंत्रांना लागणारी शक्ती) पुन्हा भरू लागतो, त्यामुळे पाणी प्यायला फार बसावं लागत नाही.

वॉरियर नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त लोक तोच उचलतात. त्याची शक्ती म्हणजे रेज, आणि लढाईच्या आरंभी ती शून्य असते. लेव्हल ४ ला मिळणारा ‘चार्ज’ ९ रेज देतो. ‘हिरोइक स्ट्राइक’ला १५ लागतात. म्हणजे धावत जाऊन आदळल्यावरही एखादा फटका बसेपर्यंत बटण दाबता येत नाही. स्वतःला बरं करायचा मंत्र नाही. दोन शत्रू एकदम आले की पळावं लागतं. दर सात-आठ लेव्हलला शस्त्र बदललं नाही तर एकेका लांडग्याला अर्धा मिनिट लागतो. ३० व्या लेव्हलची व्हर्लविंड शस्त्राची क्वेस्ट दोघा-तिघांची मदत घेऊन जरूर करा. सोबत कायमचा हीलर मित्र असेल तर वॉरियरसारखं सुख नाही. एकटे असाल तर पहिलं कॅरॅक्टर म्हणून तो घेऊ नका.

रोग क्लास दबकत जातो, हवी ती लढाई निवडतो, अंगाशी आलं तर लेव्हल २२ नंतर ‘व्हॅनिश’ (अदृश्य) होतो. पॅलाडिन मरत नाही, पण त्याच्या हाताला काम फार कमी असतं. ड्रुइडला अस्वल १० ला मिळतं, वेगाने मारणारी मांजर थेट २० ला, म्हणून मधली दहा लेव्हल जड जातात. शमनची टोटेम (जमिनीत रोवायचे मंत्राचे खांब) २० यार्डांपुरती चालतात. लढाई सरकली की पुन्हा रोवावी लागतात.

दोन क्लास निवडून दहा लेव्हल खेळा

इथवर वाचून दोन नावं मनात राहिली असतील. त्या दोघांची कॅरॅक्टर बनवा आणि दोन्ही लेव्हल १० ते १२ पर्यंत न्या; ड्रुइड असेल तर २० पर्यंत. लेव्हल १० हा टप्पा सोयीसाठी घेतलेला नाही. पहिला टॅलेंट पॉइंट तिथे मिळतो आणि पेट, अस्वल, व्हॉइडवॉकर, वॉरियरचा बचावाचा पवित्रा हे सगळं तिथेच येतं. ट्रेनरकडे दर दोन लेव्हलला जा, पण समोर दिसणारा प्रत्येक मंत्र विकत घेऊ नका. सुरुवातीला पैसा तांब्या-चांदीतच असतो, रोज वापराल तेवढेच घ्या.

खेळताना हे पाहा: एका शत्रूनंतर किती वेळ बसून खावं-प्यावं लागतं, दोन शत्रू एकदम आले तर काय होतं, आणि तासाभराने बोटं तीच तीन बटणं दाबून कंटाळली का. मग उरलेल्या एकाला डंजनमध्ये न्या. होर्डला ऑर्ग्रिमारमधलं रेजफायर कॅझम १३-१४ ला जमतं, अलायन्सला वेस्टफॉलमधलं डेडमाइन्स १७-१८ ला. पार्टीतलं तुमचं काम आवडलं की नाही, हे या एका फेरीत कळतं.

टॅलेंट चुकले तर घाबरू नका. ते मोडायला पहिल्यांदा १ गोल्ड लागतो, मग ५, आणि पुढे दर वेळी ५ ने वाढत ५० पर्यंत जातो. हौसेने दर आठवड्याला बदलणं मात्र परवडत नाही.

हार्डकोर रेल्मवर खेळणार असाल, जिथे एकदा मेलं की कॅरॅक्टर संपतं, तर निसटण्याची सोय आधी पाहा. हंटरला ‘फेन डेथ’ (मेल्याचं सोंग) ३० ला मिळतं, त्याआधी पेटला मागे ठेवून पळता येतं. वॉरियरकडे तसं जवळपास काहीच नसतं.

वंश सगळ्यात शेवटी

वंशाचे फायदे छोटे आहेत आणि पहिल्या कॅरॅक्टरला ते क्वचितच जाणवतात. सुरुवातीची जागा मात्र जाणवते. मित्र एल्विन या माणसांच्या सुरुवातीच्या भागात माणूस वंश घेऊन बसले असतील आणि तुम्ही नाइट एल्फ घेतलात, तर त्यांच्या टेल्ड्रासिल या सुरुवातीच्या जागेहून बोटीने ऑबरडीन, तिथून दुसऱ्या बोटीने मेनेथिल बंदर आणि पुढे वेटलँड्समधून पायी असा प्रवास आहे. तिथल्या मगरी वीस-पंचवीस लेव्हलच्या असतात आणि नवख्याला दोन चाव्यांत संपवतात. रस्ता सोडू नका, मेलात तर पुढच्या स्मशानाकडे सरकत जा. सोबत खेळायचं असेल तर एकाच गावात जन्मणारे वंश घेणं हे त्याहून सोपं.

नापसंत ठरलेलं कॅरॅक्टर पुसू नका. त्याला राजधानीत लिलावघराजवळच्या टपालपेटीपाशी उभं करा आणि पिशव्या भरल्या की जास्तीचं सामान त्याला टपालाने पाठवत जा.