कॅम्परच्या बॅटरीला पॉवर स्टेशनची जोड
नाशिकहून इगतपुरीकडे पावसाळी मुक्कामाला गेलं की छतावरचं सोलर नावापुरतंच. आमच्या कॅम्पर ट्रेलरची बॅटरी १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची, लेड-अ‍ॅसिड. कागदावर १२०० वॉट-अवर, पण टिकवायची तर निम्मीच वापरायची. फ्रिज पहाटेपर्यंत तिचा जीव काढायचा.

दुसरी बॅटरी न बसवता १००० वॉट-अवरचं लिथियम पॉवर स्टेशन घेतलं, म्हणजे बॅटरी, सॉकेट आणि इन्व्हर्टर एकत्र असलेली, उचलून नेता येणारी पेटी. ते बॅटरीला थेट जोडायचं नाही. दोघांचं व्होल्टेज आणि चार्जिंगची तऱ्हा वेगळी. मी फ्रिजच त्याच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर लावला. २३० व्होल्टवर चालवला तर इन्व्हर्टर उगाच वीज खातो. दिवे, पंप जुन्याच बॅटरीवर. ती फार उतरलीच तर स्टेशनवर साधा बॅटरी चार्जर लावून भरता येते. स्टेशन घरूनच पूर्ण चार्ज करून नेतो. उचलताना कंबर बोलते, ते वेगळं!