प्रथिनातले डायसल्फाइड बंध जेलवर कसे तपासावेत

प्रथिनाची घडी टिकवणारे बहुतेक बंध दुबळे असतात: हायड्रोजन बंध, विरुद्ध भारांमधले आकर्षण, पाणी टाळणाऱ्या भागांची जवळीक. एसडीएस (घडी उलगडणारा साबणासारखा पदार्थ) घालून तापवले की ते सुटतात. सिस्टीन हे गंधक असलेले अमिनो आम्ल. दोन सिस्टीनच्या गंधकांमधला डायसल्फाइड बंध मात्र सहसंयुज, म्हणजे इलेक्ट्रॉन वाटून घेणारा मजबूत बंध असतो, त्याची लांबी साधारण २.०५ अँगस्ट्रॉम भरते आणि एसडीएसने तो तुटत नाही. तो तोडायला क्षपणक, म्हणजे इलेक्ट्रॉन देणारे रसायन, लागतो. म्हणून एकच प्रथिन क्षपणकासह आणि क्षपणकाशिवाय जेलवर (विजेच्या जोरावर प्रथिने आकारानुसार वेगळी करणाऱ्या थरावर) शेजारी शेजारी चालवले की डायसल्फाइड आहेत का, आणि ते एकाच साखळीत आहेत की दोन साखळ्यांना जोडतात, याचा बराच उलगडा होतो.

नुसता क्षपणक वगळला म्हणजे क्षपणकाशिवायचा नमुना तयार झाला, असे समजून पुष्कळ जेल वाया जातात. मोकळे थायोल, म्हणजे बंधात न अडकलेले सिस्टीनचे गंधक-हायड्रोजन गट, आधी बंद केले नाहीत तर जेलवर दिसणारे बंध प्रथिनात मुळात होते की तापवताना तयार झाले, हे सांगता येत नाही. कारण असे: डायसल्फाइडवर हल्ला करतो तो थायोलचा ऋणभारित रूपातला गंधक. सिस्टीनचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे थायोल ऋणभारित असतात तो) सुमारे ८.३ धरला तर ६.८ पीएचच्या सॅम्पल बफरमध्ये (नमुन्यात मिसळायच्या एसडीएसयुक्त द्रावणात) जेमतेम ३ टक्के थायोल त्या रूपात असतात, पण ८.८ पीएचच्या रिझॉल्व्हिंग जेलमध्ये (जेलच्या प्रथिने वेगळी करणाऱ्या भागात) तीनचतुर्थांश. शिवाय एसडीएसने घडी उलगडली की एरवी आत दडलेले सिस्टीन उघडे पडतात. मग बंधांची अदलाबदल सुरू होते, आणि एकेरी प्रथिनाच्या जागी दुहेरी, तिहेरी पट्ट्यांची शिडी दिसू लागते.

थायोल बंद करायला एन-इथाइलमॅलेइमाइड, म्हणजे एनईएम, वापरावे. आयोडोॲसिटामाइडही चालते, पण ते सावकाश काम करते, त्याला ८ च्या आसपासचा पीएच लागतो आणि उजेडात ते खराब होते. अदलाबदल रोखायची असताना वेग महत्त्वाचा, म्हणून इथे एनईएमच बरे. २५ मिलिग्रॅम एनईएम १ मिलिलिटर इथेनॉलमध्ये विरघळवले की २०० मिलिमोलर द्रावण मिळते. ते त्याच दिवशी करावे. पाण्यात, विशेषतः अल्कधर्मी पाण्यात, ते टिकत नाही. एनईएम विषारी आहे, डोळ्यांना आणि त्वचेला इजा करते. हातमोजे घालून, फ्यूम हूडमध्येच तोलावे.

प्रथिनाच्या बफरचा पीएच ६.५ ते ७.५ असावा. त्याहून वर गेल्यास एनईएम लायसिनच्या अमिनो गटांवरही बसू लागते. शुद्धीकरणात डीटीटी किंवा मरकॅप्टोइथेनॉल हे थायोल असलेले क्षपणक वापरले असतील तर ते आधी डीसॉल्टिंग कॉलमने (लहान रेणू प्रथिनापासून वेगळे करणाऱ्या नळीने) काढून टाकावेत, नाहीतर एनईएम त्यातच खर्च होते. टीसीईपी या आणखी एका क्षपणकात थायोल नसतो म्हणून ते राहिले तरी चालेल असे वाटते, पण मॅलेइमाइडशी त्याचीही अभिक्रिया होते. बफरमध्ये पोटॅशियम जास्त असेल तर एसडीएसचा पांढरा साका बसतो. अशा वेळी सोडियमचे क्षार वापरावेत.

आता प्रत्यक्ष कृती. १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर प्रथिनाचे ४५ मायक्रोलिटर घ्या, त्यात ५ मायक्रोलिटर एनईएम घाला, म्हणजे ते २० मिलिमोलर होईल. खोलीच्या तापमानाला ३० मिनिटे ठेवा. मग दोन नळ्यांत १५-१५ मायक्रोलिटर काढा आणि प्रत्येकीत क्षपणक नसलेला चौपट तीव्रतेचा सॅम्पल बफर ५ मायक्रोलिटर मिसळा. एका नळीत १ मोलर डीटीटी २.२ मायक्रोलिटर, दुसरीत तितकेच पाणी. पहिल्या नळीत डीटीटी सुमारे १०० मिलिमोलर होते. उरलेले एनईएम त्यातले थोडे खाते, तरी पुरेसे शिल्लक राहते. एनईएम धुऊन काढू नका: घडी उलगडल्यावर उघडे पडणारे थायोल तेच बंद करते. डीटीटीची नळी ९५ अंश सेल्सिअसला ५ मिनिटे, दुसरी ७० अंशांना १० मिनिटे तापवा. एनईएम न घातलेली, क्षपणकही नसलेली तिसरी नळी जरूर चालवावी. तिच्यात आणि दुसरीत फरक दिसला तर तो अदलाबदलीचा पुरावा.

प्रथिनाच्या पट्ट्या दाखवणाऱ्या कुमासी रंगासाठी शुद्ध प्रथिनाचे ५ मायक्रोलिटर, म्हणजे सुमारे ३ मायक्रोग्रॅम, पुरेत. डीटीटीच्या नमुन्याची लेन (जेलमधली एका नमुन्याची उभी वाट) आणि बाकीच्या लेन यांच्यामध्ये निदान एक, शक्यतो दोन लेन रिकाम्या सोडा आणि त्यांत क्षपणक नसलेला सॅम्पल बफर भरा. डीटीटी जेलमधून आडवे पसरते आणि शेजारच्या नमुन्यातले बंध तोडते. पट्टी एका बाजूला वाकडी झालेली दिसली तर बहुधा हेच घडलेले असते.

जेल वाचताना पट्टीची दिशा पाहावी. क्षपणकाशिवाय पट्टी वर आणि क्षपणकासह खाली आली, तर साखळ्या एकमेकींना जोडलेल्या होत्या. आयजीजी प्रतिपिंड १५० किलोडाल्टनवरून (डाल्टन हे रेणूंच्या वस्तुमानाचे एकक) ५० आणि २५ वर उतरते, ते याच कारणाने. उलट, क्षपणकाशिवाय पट्टी खाली आणि क्षपणकासह वर सरकली, तर बंध साखळीच्या आतच आहेत. फासे बांधलेली साखळी आटोपशीर राहते, म्हणून जेलमधून जलद पळते. बोव्हाइन सीरम अल्ब्युमिनमध्ये असे १७ बंध आहेत, त्यामुळे सरावासाठी ते उत्तम. पट्टी अजिबात हलली नाही तर डायसल्फाइड नाहीत असा निष्कर्ष काढू नये: लहान फासा असेल तर वेगातला फरक डोळ्यांना दिसत नाही. तिथे वस्तुमानमापक, म्हणजे रेणूंचे वस्तुमान अचूक मोजणारे यंत्र, लागतो. एक बंध तुटला की वस्तुमान २.०१६ डाल्टनने वाढते, आणि एनईएम बसलेला प्रत्येक थायोल १२५.०५ डाल्टनची भर दाखवतो.

डीटीटीच्या लेनमध्येही दुहेरी पट्टी उरली तर आधी डीटीटी ताजे करून पाहा. हवेने त्याचे ऑक्सिडीकरण होते, आणि पीएच जितका जास्त तितके लवकर. १ मोलर द्रावण लहान नळ्यांत भरून उणे २० अंशांना ठेवावे. ताज्या डीटीटीनेही पट्टी जात नसेल तर जोड गंधकांचा नसून दुसऱ्या कशाचा तरी आहे. फक्त क्षपणकाच्या लेनमध्ये ५५ ते ६५ किलोडाल्टनच्या आसपास अनोळखी फिकट पट्ट्या उमटल्या, तर त्या बहुधा त्वचेतून आलेल्या केराटिनच्या असतात.

कोणता सिस्टीन कोणाशी जोडला आहे, हे जेल सांगू शकत नाही. रायबोन्यूक्लिएज ए मध्ये ८ सिस्टीन आणि ४ बंध आहेत. ८ सिस्टीनच्या जोड्या १०५ प्रकारे लागू शकतात, आणि जेलवर त्यांतल्या अनेक जोडण्या जवळजवळ सारख्याच दिसतात. जोड्या शोधायच्या असतील तर एनईएम लावलेले प्रथिन पेप्सिन या प्रथिने तोडणाऱ्या विकराने २ च्या आसपासच्या पीएचला तोडावे, कारण तिथे अदलाबदल जवळपास थांबलेली असते, आणि मिळालेले तुकडे क्षपणाआधी व क्षपणानंतर वस्तुमानमापकावर तपासावेत.